कागद नसलेली महासभा : चर्चचा कारभार पडद्यावर आला की नेमकं काय बदलतं?

२०१२च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात एका चर्चच्या महासभेत मतदान झालं आणि निकाल लागला ३३३ विरुद्ध ३३१. दोघे तटस्थ राहिले. चर्च होतं प्रेस्बिटेरियन चर्च यूएसए. कॅटरपिलर, ह्युलेट-पॅकार्ड आणि मोटोरोला सोल्यूशन्स या तीन कंपन्यांमधले चर्चचे शेअर विकून टाकायचे का, हा विषय होता. या कंपन्यांची साधनं इस्रायल पॅलेस्टिनी प्रदेशात वापरतं, असा आक्षेप होता. शेअर विकण्याचा प्रस्ताव दोन मतांनी पडला, असं बातम्यांतून सगळीकडे पोचलं.

बातमी खोटी नव्हती, पण अर्धीच होती. सभेपुढे दोन मसुदे होते. विषयावर आधी विचार केलेल्या समितीतल्या बहुमताचा मसुदा सांगत होता, विका. अल्पमताचा सांगत होता, विकू नका, त्याऐवजी त्या भागात विधायक कामांत गुंतवणूक करा. ३३३ विरुद्ध ३३१ हे मतदान झालं ते यांतला कोणता मसुदा चर्चेला घ्यायचा, एवढ्यावरच. अल्पमताचा मसुदा बहुमताच्या जागी आला आणि मग तो वेगळ्या मतदानाने, बऱ्याच मोठ्या फरकाने मंजूर झाला.

साडेसहाशेहून अधिक माणसं मत द्यायला बसली आहेत, एकाच विषयाचे दोन मसुदे फिरताहेत, त्यांवर उपसूचना येताहेत, आणि ऐन वेळी दोन मतं निकाल ठरवणार आहेत. अशा वेळी प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे तोच मजकूर असणं किती महत्त्वाचं आहे, हे वेगळं सांगायला नको. ‘पेपरलेस’ म्हटलं की लोकांना झाडं वाचल्याचा आनंद होतो. माझ्या मते तो फायदा किरकोळ आहे. कागद जातो तेव्हा खरी उलथापालथ होते ती ‘खरी प्रत कोणती आणि ती कुणाच्या हातात’ या प्रश्नाची.

## आधी ही सभा समजून घेऊ

प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये बिशप नसतो. निर्णय घेतात त्या सभा, आणि त्या पायरीपायरीने वर चढत जातात. स्थानिक मंडळीचा, म्हणजे एका चर्चमध्ये जमणाऱ्या भाविकांचा, कारभार पाळक (धर्मोपदेशक) आणि मंडळीने निवडलेले वडील (एल्डर, म्हणजे जबाबदार सभासद) मिळून पाहतात, त्याला सेशन म्हणतात. एका टापूतल्या मंडळ्यांची मिळून प्रेस्बिटरी, काही प्रेस्बिटरींचा मिळून सिनड, आणि सर्वांत वर जनरल असेंब्ली, म्हणजे महासभा. अमेरिकेतली पहिली महासभा १७८९मध्ये फिलाडेल्फियात भरली. तिच्या सुरुवातीचं प्रवचन जॉन विदरस्पून यांनी केलं. हे तेच पाळक, ज्यांची सही अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आहे. आजचं चर्च १९८३मध्ये उत्तर आणि दक्षिणेतली चर्चं पुन्हा एक होऊन बनलं, आणि २००४पासून त्याची महासभा दोन वर्षांतून एकदा भरते.

मराठी वाचकाला ही परंपरा अगदीच परकी नाही. मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननेच सुरू केलेलं, आणि १९७०मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा त्यात मिसळलेल्या प्रवाहांत प्रेस्बिटेरियन प्रवाहही होता.

महासभेत मत देणारे म्हणजे कमिशनर. प्रेस्बिटऱ्या त्यांना निवडून पाठवतात, साधारण निम्मे पाळक आणि निम्मे वडील. यातली मेख अशी, की प्रेस्बिटरी त्यांना निवडते, पण बांधून पाठवत नाही. लोकांची इच्छा जशीच्या तशी पोचवणं हे त्यांचं काम नसून, सर्वांनी मिळून ख्रिस्ताची इच्छा शोधणं हे काम आहे, असं चर्चची घटना सांगते. म्हणजे घरून ठरवून आलेलं मत सभेतली चर्चा ऐकून बदलणं हा विश्वासघात मानला जात नाही. उलट ते अपेक्षितच आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे फोन आणि मेसेजचा विषय निघाला की ती लागेल.

सभेचे नियम येतात ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर’ या नियमपुस्तकातून. हेन्री मार्टिन रॉबर्ट या अमेरिकी लष्करातल्या इंजिनिअरने ते १८७६मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. ज्यांनी गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सभा पाहिली आहे त्यांना त्यातलं बरंच काही ओळखीचं वाटेल: विषयपत्रिका, सूचक, अनुमोदक, उपसूचना, हरकतीचा मुद्दा, इतिवृत्त. आणि भांडणंही तीच. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जातं आणि कुणीतरी उठतं, ‘मी असं म्हटलंच नव्हतं, सचिवांनी भलतंच लिहिलंय.’ सोसायटीत हे पन्नास माणसांत आणि एका पाण्याच्या टाकीवरून होतं. महासभेत ते शेकडो माणसांत होतं, आणि विषय लग्नाची व्याख्या किंवा चर्चच्या पैशाची गुंतवणूक असा असतो.

## कागदाच्या काळातली अडचण

अशा सभेसाठी पूर्वी प्रत्येकाला आधी गठ्ठाच पाठवावा लागे: अहवाल, ठराव, अंदाजपत्रकं. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये तर या अहवालांच्या जाडजूड ग्रंथाला ‘ब्लू बुक’ असं नावच पडलं आहे. समजा प्रत्येकी एक हजार पानं धरली, तर साडेसहाशे माणसांना साडेसहा लाख पानं झाली. पण गठ्ठ्याचं ओझं ही त्यातली सोपी अडचण. गठ्ठा सभेपूर्वीचा असतो आणि सभेत मजकूर बदलतो, ही अवघड.

समितीने दुपारी ठरावाचा दुसरा परिच्छेद बदलला. रात्री तो टाइप झाला, छापला गेला, सकाळी दारात वाटला गेला. काहींनी घेतला, काहींचा राहिला, काहींनी घेतला पण कालच्याच पानावर खुणा केल्या. सकाळी अकराला कुणीतरी चौदाव्या ओळीवर उपसूचना मांडतं. कुठल्या पानावरच्या चौदाव्या ओळीवर? सभापती मजकूर मोठ्याने वाचून दाखवतात, लेखनिक खाली मान घालून लिहून घेतो, आणि हात वर होतात. पानाच्या घोळामुळे मत चुकलं असं नंतर सिद्धही करता येत नाही, कारण प्रत्येकाच्या मांडीवर कुठलं पान होतं याची नोंद कुठेच नसते.

## पडद्यावर एक विषय कसा चालतो

प्रेस्बिटेरियन चर्च यूएसएने महासभेसाठी वापरलेल्या ऑनलाइन व्यवस्थेचं नाव पीसी-बिझ. तिच्यासाठी काही खास यंत्र लागत नाही. ते एक संकेतस्थळ आहे, लॅपटॉपवर किंवा टॅबलेटवर उघडायचं. गंमत म्हणजे ते बाहेरच्यालाही वाचता येतं. बदल करण्याचा अधिकार मात्र मोजक्यांनाच असतो.

विषय बहुधा एखाद्या प्रेस्बिटरीकडून येतो. तिथे ठराव मंजूर होतो आणि ‘महासभेने अमुक करावं’ अशी रीतसर विनंती वर जाते, तिला ओव्हर्चर म्हणतात. चर्चच्या घटनेत बदल सुचवायचा असेल तर ती सभेच्या १२० दिवस आधी पोचावी लागते. मग तिला क्रमांक मिळतो आणि ती एका समितीकडे जाते. काही वर्षांपूर्वीच्या पद्धतीत समजा क्रमांक ०४-०४ असेल, तर चौथ्या समितीपुढचा चौथा विषय. आता ती वर्षानुवर्षं त्याच पानावर, त्याच क्रमांकाने सापडणार.

त्या पानावर काय असतं हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण बातम्यांतला निम्मा गोंधळ इथून सुरू होतो. वर असते शिफारस, म्हणजे महासभेने नेमकं काय करावं याची वाक्यं. तिच्या खाली कारणमीमांसा. त्याखाली घटनाविषयक सल्लागार समिती किंवा चर्चची इतर मंडळं यांचा सल्ला, आणि पैसे लागणार असतील तर किती, याची टीप. मतदान होतं ते फक्त शिफारशीवर. कारणमीमांसा कितीही जहाल असली तरी ती ठराव आणणाऱ्याची असते. शिफारस मंजूर झाली म्हणून तिच्या खालचं प्रत्येक वाक्य चर्चचं होत नाही. कागदी गठ्ठ्यात हे सगळं सलग छापलेलं असे आणि पत्रकार त्यातलं चटकदार वाक्य उचलून ‘चर्च म्हणतं’ असं लिहून मोकळे होत. पडद्यावर शीर्षकं वेगळी असतात. तरीही असं होतं, हे कबूल करायला हवं, पण निदान वाचकाला स्वतः जाऊन तपासता येतं.

समिती बसते. तिच्यात काही माणसं मजकूर बदलू पाहतात. समितीचा लेखनिक बदल थेट त्याच पानावर करतो. काढायचा मजकूर कंसात घालून खोडलेला दिसतो, घालायचा मजकूर कंसात अधोरेखित. त्यामुळे जुनं काय होतं आणि नवं काय येतंय, हे शेजारीशेजारी राहतं. मग समितीचं मतदान, बाजूने किती आणि विरोधात किती, तेही तिथेच नोंदलं जातं. अल्पमताचा अहवाल असेल तर तो त्याच विषयाला जोडला जातो. म्हणजे पिट्सबर्गच्या त्या मतदानासारखा प्रसंग आला, तर दोन्ही मसुदे एका ठिकाणी उघडता येतात.

ज्या विषयांवर समितीत फारसा वाद नसतो ते एका सहमतीच्या यादीत टाकले जातात आणि मुख्य सभेत ती यादी एका फटक्यात मंजूर होते. एखाद्या कमिशनरला वाटलं की यातल्या एका विषयावर बोलायलाच हवं, तर तो विषय यादीतून बाहेर काढून मागता येतो. पडदा इथे मला धोक्याचा वाटतो. कागदावर लांबलचक यादी पाहिली की माणूस निदान ओळी मोजतो. पडद्यावर ती एका ओळीत मिटून बसते, आणि ‘सगळे सहमत आहेत’ म्हणून न उघडताच पुढे जाण्याचा मोह होतो.

## ‘मत मोजणारं यंत्र’ ही वेगळी गोष्ट

लोक हमखास दोन गोष्टींची गल्लत करतात. मजकूर दाखवणारी व्यवस्था एक, आणि मत नोंदवणारी दुसरी. सभागृहात मत देण्यासाठी हातात मावणारं बटणांचं यंत्र वापरण्याची रीत आहे. तरुण सल्लागार प्रतिनिधींची मतं आधी घेतली जातात आणि मोठ्या पडद्यावर दाखवली जातात, तो फक्त सल्ला. त्यानंतर कमिशनरांची मतं, ती मोजली जातात.

मजकुराच्या व्यवस्थेत चूक झाली तर ती शेकडो डोळ्यांना दिसते. मतयंत्रात झाली तर दिसत नाही. याचं उदाहरण दुसऱ्या चर्चमध्ये घडलं. २०१९च्या फेब्रुवारीत सेंट लुईसमध्ये युनायटेड मेथडिस्ट चर्चचं विशेष अधिवेशन झालं, त्यात एका मतदानाचा निकाल होता ४०२ विरुद्ध ४००. नंतर तपासात आढळलं, की मतदानाचा हक्क नसलेल्या चार जणांनी दुसऱ्यांच्या नावावर मतं दिली होती. फरक दोन मतांचा, चुकीची मतं चार. चर्चच्या आयोगाने ते मतदान रद्दबातल मानलं. यात संगणकाचा दोष नव्हता. यंत्र ज्याच्या हातात आहे तो तोच माणूस आहे का, हे दारात पाहायचं राहिलं होतं.

आणि यंत्र बंदच पडलं तर? नियमपुस्तक त्यासाठी तयार आहे, कारण ते यंत्रांच्या फार आधीचं आहे. आवाजी मतदान, उभं राहून मतदान, मोजणी करून मतदान, चिठ्ठ्या, सगळे मार्ग खुले असतात. इंटरनेट गेलं तर सभापती दहा मिनिटं सभा थांबवू शकतात. ज्या सभेला हे मार्ग आठवत नाहीत, तिचा प्रश्न इंटरनेटचा नसतो.

## ‘म्हाताऱ्या माणसांचं काय?’

हा आक्षेप सर्वांत आधी येतो आणि तो रास्तही आहे, फक्त त्याचा रोख जरा चुकतो. वय हा खरा अडसर नाही, सराव हा आहे. ज्याला आयुष्यभर बोटाने ओळ धरून वाचायची सवय आहे, त्याला एकाच वेळी दोन खिडक्या उघडून ‘आता सभा कुठे आहे’ हे शोधायला सांगितलं की त्याची अर्धी शक्ती शोधण्यातच जाते. आणि गोंधळलेला माणूस सभेत बोलत नाही, गप्प बसून शेजाऱ्यासारखं मत देतो. म्हणजे नुकसान त्याचं एकट्याचं नसतं. ज्याला तीस वर्षं मंडळी चालवण्याचा अनुभव आहे, त्याचा आवाज चर्चेतून गायब होतो.

यावरचे उपाय साधे आहेत आणि म्हणूनच ते राहून जातात. सभेच्या आधी सरावाची बैठक, खोटा विषय घेऊन खोटं मतदान. सभागृहात मदतीला माणसं, जी बोलावल्यावर यायच्या ऐवजी फिरत असतात. सभापतींनी प्रत्येक विषयाला क्रमांक मोठ्याने सांगणं, आणि पडदे बदलायला अर्धा मिनिट देणं. ज्याला हवा त्याला कागदही मिळावा. अक्षर मोठं करता येणं ही पडद्याची एक मोठी सोय आहे, ती छापील पानात नव्हती. दृष्टी अधू असलेल्या कमिशनरला मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरता येतं, हेही.

## ‘बाहेरचे लोक आतल्यांचे कान भरतील’

हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि यावर कुणाकडे पूर्ण उत्तर आहे असं मला वाटत नाही.

मजकूर सर्वांना उघडा असणं चांगलंच आहे. ज्या मंडळीच्या वर्गणीतून सभेचा खर्च भागतो, तिला आपल्या नावाने काय ठरतंय हे वाचता यायलाच हवं. पण बाहेरच्याला तोच मजकूर त्याच क्षणी दिसतो याचा अर्थ असाही होतो, की दोन हजार किलोमीटरवर बसलेला एखादा गट उपसूचना वाचून लगेच आतल्या वीस जणांना मेसेज करू शकतो: ‘ही पाडा.’ कमिशनरच्या हातात आधीपासूनच उघडं उपकरण आहे. त्याच पडद्यावर ठराव, आणि त्याच पडद्यावर वर सरकणारा मेसेज.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आता घ्या. कमिशनरने सभागृहातली चर्चा ऐकून मत बनवायचं आहे. बाहेरून आलेली सूचना पाळायची नाही, अगदी आपल्याच प्रेस्बिटरीची असली तरी. कागदाच्या काळात बाहेरचा दबाव दाराशी थांबायचा, निदान जेवणाच्या सुट्टीपर्यंत. दबाव टाकणारे तेव्हाही होते. मार्गिकांत पत्रकं वाटली जायची, कोपऱ्यात कानगोष्टी चालायच्या. आता त्याला सुट्टीची वाट पाहावी लागत नाही.

काही जण म्हणतात, मग संकेतस्थळ बाहेरच्यांना बंदच करा. ते मला पटत नाही. बंद केलं तरी मेसेज थांबणार नाहीत, कारण आतला माणूस पडद्याचा फोटो काढून पाठवेल. मग आतून निवडक तुकडे बाहेर जातील आणि बाहेरच्यांना पूर्ण मजकूर दिसणारच नाही. त्यापेक्षा उघडा मजकूर परवडला. सभेने स्वतःसाठी शिस्त घालून घेणं, मतदानाच्या वेळी फक्त सभेचंच पान उघडं ठेवणं, हा उपाय दुबळा आहे, पण याहून बळकट उपाय सभेला सभा न ठेवता परीक्षागृह करून टाकतो.

## घाई

कागदाच्या काळात दुरुस्त मजकूर छापून येईपर्यंत सभा अडायची. तक्रारी व्हायच्या. पण त्या अडलेल्या वेळात माणसं पुन्हा वाचायची, शेजाऱ्याशी वाद घालायची, रात्री झोपून उठायची. आता उपसूचना मंजूर झाली की काही सेकंदांत नवा मजकूर पडद्यावर येतो आणि सभापती विचारू शकतात, ‘मतदानाला घेऊया?’ यंत्राने दिलेला वेळ सभेने चर्चेवर खर्च केला तर फायदा, जास्त विषय उरकण्यावर खर्च केला तर तोटा. मोठ्या विषयाआधी काही मिनिटं शांतता किंवा प्रार्थना ठेवण्याची पद्धत चर्चसभांत आहेच. कागद गेल्यावर तिला एक व्यावहारिक कामही मिळालं आहे.

## मग प्रवासाचा खर्च तरी कशाला? घरूनच सभा घ्या!

पेपरलेस आणि ऑनलाइन या दोन पायऱ्या आहेत. पहिलीत माणसं एका सभागृहात आणि मजकूर पडद्यावर. दुसरीत माणसंही पडद्यावर. रॉबर्टचं नियमपुस्तक पहिलीला आडकाठी करत नाही, दुसरीला अटी घालतं. संस्थेच्या नियमांत ऑनलाइन सभेची तरतूद हवी, आणि सर्व सभासदांना एकाच वेळी एकमेकांचं बोलणं ऐकू येण्याची सोय हवी, एका खोलीत बसल्यावर येतं तसं. ही दुसरी अट फार महत्त्वाची आहे. ईमेलवर मतं मागवणं किंवा पानाखाली अभिप्राय लिहिणं ही नियमांच्या दृष्टीने सभाच नव्हे. कुणाचं तरी बोलणं ऐकून माझं मत बदलण्याची संधी त्यात नसते.

२०२०मध्ये करोनामुळे ही परीक्षा सर्वांनाच द्यावी लागली. इंग्लंडच्या चर्चच्या जनरल सिनडला, म्हणजे तिथल्या सर्वोच्च सभेला, दूरस्थ बैठक घेता यावी म्हणून वेगळा कायदा करून घ्यावा लागला. प्रेस्बिटेरियन चर्च यूएसएची २२४वी महासभा बाल्टिमोरला व्हायची होती, ती जूनमध्ये पूर्णपणे ऑनलाइन झाली. इलोना स्ट्रीट-स्टुअर्ट आणि ग्रेगरी बेंटली यांची सह-मॉडरेटर, म्हणजे जोडीचे सभापती, म्हणून निवडही पडद्यावरूनच झाली. पण किंमत मोजावी लागली. अत्यावश्यक विषयच घेतले गेले आणि बाकीचे बरेचसे ठराव पुढच्या सभेकडे ढकलले गेले. ज्यांनी महिनोन् महिने खपून ठराव आणले होते त्यांना ते रुचलं नाही, आणि त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं.

त्यानंतर चर्चने दोन्हींची सरमिसळ करून पाहिली. २०२२मध्ये समित्या लुइव्हिलला प्रत्यक्ष बसल्या आणि मुख्य सभा ऑनलाइन झाली. २०२४मध्ये बरोब्बर उलटं: समित्या ऑनलाइन, मुख्य सभा सॉल्ट लेक सिटीत प्रत्यक्ष. मला विचाराल तर २०२२चा क्रम जास्त योग्य होता. मजकुराची खरी घडण समितीत होते, तिथे माणसांनी समोरासमोर बसावं, चहाच्या वेळी विरोधकाशी बोलावं. मुख्य सभेत शेकडो माणसं असली तरी बोलायला मिळतं थोड्यांनाच, बाकीचे ऐकतात आणि मत देतात. ते घरून जमू शकतं. यावर उलट युक्तिवाद असा, की शेवटचा निर्णय सर्वांनी एकत्र बसून, एकत्र उपासना करून घ्यावा, आणि चर्चच्या दृष्टीने तो युक्तिवाद हलका नाही.

## ‘कागद टिकतो. संकेतस्थळ टिकेल का?’

कागद टिकतो हे अर्धसत्य आहे. अमेरिकेतली पहिली प्रेस्बिटरी १७०६मध्ये फिलाडेल्फियात स्थापन झाली. तिचं इतिवृत्त लिहिलेली वही आहे, पण तिचं पहिलं पान हरवलेलं आहे. पहिल्या बैठकीची सुरुवात कशी झाली, हे त्यामुळे कुणालाच नक्की सांगता येत नाही.

तरीही आक्षेप चुकीचा नाही. संकेतस्थळ कंत्राटावर चालतं. कंत्राट संपतं, व्यवस्था बदलते, पत्ता बदलतो, आणि जुन्या दुव्यावर टिचकी मारली की पान सापडत नाही. म्हणून काम चालवण्याची जागा आणि जपून ठेवण्याची जागा वेगळी असावी लागते. सभा संपली की अंतिम मजकूर, मतांचे आकडे आणि खोडलेले-जोडलेले बदल यांची स्थिर प्रत काढावी. त्यासाठी २००५मध्ये प्रमाणित झालेला पीडीएफ/ए नावाचा प्रकार आहे, ज्यात अक्षरांचे साचेसुद्धा फाइलीतच बांधलेले असतात, म्हणजे उद्या संगणक बदलले तरी पान जसंच्या तसं उघडावं. या चर्चकडे अभिलेखागारही आहे: फिलाडेल्फियातली प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटी, स्थापना १८५२. अधिकृत इतिवृत्त प्रसिद्ध करणं हे महासभेच्या स्टेटेड क्लार्कचं, म्हणजे मुख्य सचिवाचं काम आहे, आणि पडदा आला म्हणून ते काम कमी झालेलं नाही. वाद झाला तर शेवटी बघायचं ते इतिवृत्तच.

## महासभेने मंजूर केलं म्हणजे झालं का?

बातमी वाचणाऱ्याने हे जरूर ध्यानात ठेवावं. ठराव जर घटनेतल्या नियमावलीत बदल करणारा असेल, तर महासभेचं ‘होय’ ही मधली पायरी असते. तो मजकूर सर्व प्रेस्बिटऱ्यांकडे जातो आणि त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणींनी मान्यता दिली तरच लागू होतो. तिथे महासभेची व्यवस्था संपते. प्रत्येक प्रेस्बिटरी आपापल्या सभागृहात, आपापल्या रीतीने मत घेते, कुठे यंत्राने, कुठे चिठ्ठ्यांनी, कुठे नुसते हात वर करून. आणि या पायरीला मजकुरात काना-मात्राही बदलता येत नाही. आहे तसा घ्या नाहीतर नाकारा. मजकूर पक्का, एकच, सर्वांना सारखा असण्याची गरज इथे पिट्सबर्गच्या सभागृहापेक्षाही जास्त असते, कारण आता चर्चा करणारी माणसं एका छताखाली नसतात आणि एकमेकांना विचारूही शकत नाहीत.

२०१४च्या डेट्रॉइटच्या महासभेत हे दोन्ही प्रकार एकाच आठवड्यात पाहायला मिळाले. त्या तीन कंपन्यांचे शेअर विकण्याचा ठराव या वेळी ३१० विरुद्ध ३०३ मतांनी मंजूर झाला, आणि तो घटनेतला बदल नसल्यामुळे तिथेच संपला. लग्नाची व्याख्या ‘दोन व्यक्तींमधलं’ नातं अशी करणारी घटनादुरुस्ती ४२९ विरुद्ध १७५ अशा भरघोस फरकाने मंजूर झाली, तरी ती लगेच लागू झाली नाही. तिला १७१ प्रेस्बिटऱ्यांपैकी ८६ जणींचा होकार हवा होता. सभांमागून सभा होत राहिल्या, आणि ८६वा होकार न्यू जर्सीतल्या पॅलिसेड्स प्रेस्बिटरीकडून आला तो १७ मार्च २०१५ रोजी, महासभा संपल्यानंतर जवळजवळ नऊ महिन्यांनी.